कोटाची बटणं कुठल्या बाजूला

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर साठ खुर्च्या मांडल्या होत्या. एकोणसाठ माणसं समोरच्या पडद्याकडे बघत होती आणि दुसऱ्या रांगेतला रफूदादा एकटाच बाजूच्या दाराकडे बघत होता. दारात कोणी नव्हतं. दारावर ‘बाहेर’ अशी हिरवी पाटी होती, आणि ती काही टक लावून बघण्यासारखी नव्हती.

कोणी विचारलंच असतं, तर मान आखडलीय असं त्याने सांगितलं असतं. गेली तीन वर्षं त्याची मान अशी सोयीसोयीने आखडत आली होती. खरी गोष्ट अशी, की दाराकडे बघितल्याशिवाय त्याला पडदा दिसत नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगून टाकलं होतं, “दोन्ही डोळ्यांत बरोबर मधोमध डाग पडलाय. ज्याच्याकडे थेट बघाल ते पुसलं जाईल. कडेचं मात्र दिसत राहील.” तेव्हापासून जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, ही नवी विद्या साठीच्या उंबरठ्यावर त्याला शिकावी लागली. समोरच्या माणसाकडे बघितलं की नाक, डोळे, तोंड सगळं गायब आणि कान तेवढे स्वच्छ. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कान त्याला आता पाठ होते.

दुसरा कोणी असता तर लोकांना सांगून मोकळा झाला असता. पण हा रफू करणारा. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. ठिगळ कोणीही लावेल. रफूत त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायचा, भोकाच्या जागी आधी उभे धागे टाकायचे, मग त्यांतून आडवे विणायचे, एक वर एक खाली, जळलेल्या जागी नवं कापडच विणून काढायचं. झाल्यावर भोक कुठे होतं ते ज्याचं त्याला सापडता कामा नये. मामाकडून तो हे शिकला आणि लॉन्ड्री आणि औषधांचं दुकान यांच्या मधल्या जिन्याखाली, एक खुर्ची आणि एक खोकं मावेल एवढ्या जागेत, त्याने चाळीस वर्षं काढली. लांबलांबून कपडे यायचे. “त्याच्याकडे टाका, कळणारसुद्धा नाही,” असं लोक म्हणायचे. हे वाक्य कानावर पडलं की तो ऐकलंच नाही असं दाखवायचा आणि घरी गेल्यावर बायकोला दोनदा सांगायचा.

डोळे गेले आणि तरीही कपडे येतच राहिले. लोक तर म्हणायला लागले, “दादा, वयाबरोबर हात आणखी बसलाय तुमचा.” हे ऐकून तो मान खाली घालायचा. कारण हात त्याचा नव्हता.

हात बायकोचा होता. तिची गोष्ट मागे जाऊन सांगावी लागेल. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती दुपारी त्याच्याजवळ बसून बघायची. एकदा तिने सुई उचलली ती डाव्या हातात. तिचं सगळंच डाव्या हाताने चालायचं. रफूदादा म्हणाला, “राहू दे. डाव्या हाताने रफू होत नाही. धागा उलटा पडतो.” धागा वगैरे काही उलटा पडत नाही. मामा म्हणायचा म्हणून हा म्हणाला. तिने सुई खाली ठेवली आणि तीस वर्षं परत हात लावला नाही. भांडली नाही, रुसली नाही, त्यामुळे आपण काही बोललो होतो हेच तो विसरून गेला.

मग डॉक्टरांनी ते डागाचं सांगितलं. त्याच आठवड्यात एका बाईंची शाल घरी येऊन पडली होती, दुसऱ्या दिवशी द्यायची. दुपारी तो खिडकीशी बसला आणि सुईचं नाक शोधत राहिला. नाक सापडेना, शाल सापडेना, शेवटी खुर्चीतच त्याचा डोळा लागला. जागा झाला तेव्हा शाल घडी घालून ठेवलेली. त्याने बोट फिरवलं, उलटीकडून फिरवलं, परत सुलटीकडून फिरवलं.

“भोक कुठे होतं गं?”

“जिथे होतं तिथेच होतं,” बायको भांडी घासता घासता म्हणाली. त्यावर तिनेही काही विचारलं नाही आणि त्यानेही नाही.

तेव्हापासून असं चालू होतं. दिवसभर हा दुकानात बसायचा, हातात सुई आणि मांडीवर एक जुना लोकरीचा तुकडा. कपडा आला की बोटाने भोक चाचपून सांगायचा, इतके धागे गेलेत, इतके दिवस लागतील. हे तो अजूनही अचूक सांगायचा. संध्याकाळी कपडे पिशवीतून घरी. सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून करायची. दुसऱ्या दिवशी हा ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा आणि कौतुक ऐकून घ्यायचा. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलालाही दोघांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. बायकोला एकदा तरी काही म्हणायला हवं होतं, हे त्याला रोज संध्याकाळी वाटायचं, आणि रोज सकाळी ते राहून जायचं.

अशात औषधवाल्यांची धाकटी मुलगी कॅमेरा घेऊन उगवली. वाचनालयाने ठरवलं होतं म्हणे, की आसपासच्या मुलामुलींनी इथल्याच माणसांवर छोटे माहितीपट करायचे आणि ते सगळ्यांना एकत्र बसवून दाखवायचे. ही पोर लहानपणी रफूदादाच्या खोक्यावर बसून गृहपाठ करायची.

“काका, मी तुमच्यावर करणारे,” ती म्हणाली.

“माझ्यावर? मी काय केलंय?”

“तुम्ही काहीच केलं नाहीये असं दिसावं, तेच तर तुमचं काम ना!”

पोरगी हुशार. रफूदादा तिथेच पाघळला. नाही म्हणावं तर संशय यायचा, हो म्हणावं तर बिंग फुटायचं. आणि मनाच्या तळाशी आणखीही एक गोष्ट होती, ती म्हणजे पडद्यावर दिसायची हौस. तो हो म्हणाला आणि त्या रात्री झोपला नाही.

सहा दिवस चित्रण झालं. बोलायला तो कुठे हार जाणार! चाळीस वर्षांचं बोलून घेतलं. पण मुलगी म्हणायची, “काका, आता जवळून फक्त हात हवेत. सुई जातेय तसे.” मग हा म्हणायचा, “उजेड बरोबर नाही.” दुसऱ्या दिवशी म्हणायचा, “आज हाताला तेल लागलंय.” तिसऱ्या दिवशी म्हणाला, “जवळ आलीस की मला शिंक येते.” चौथ्या दिवसापासून तिने विचारणंच सोडलं. सुटलो बुवा, असं त्याला वाटलं. मग वाटलं, पण हिने विचारायचं का सोडलं? या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं नाही, आणि त्या प्रश्नासकट तो आज इथे येऊन बसला होता. साठ माणसांत पन्नास तरी गिऱ्हाइकं. डावीकडे लॉन्ड्रीवाला, वीस वर्षं त्याच्याकडे कपडे पाठवणारा. उजवीकडे बायको, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आज पडद्यावर काय दिसेल याचा त्याला पत्ता नव्हता, आणि जे दिसेल ते त्याला नीट दिसणारही नव्हतं.

पहिले तीन माहितीपट बायकोने कानात सांगितले. पहिला बसथांब्यावरचा होता.

“काय चाललंय?”

“थांबा आहे. रिकामा.”

“मग?”

“अजून रिकामाच आहे.” जरा वेळाने ती म्हणाली, “एक म्हातारा आला. बसला. संपला.”

“म्हातारा?”

“सिनेमा!”

दुसरा मोडके रेडिओ जमवणाऱ्या माणसावर, तिसरा पावाची भट्टी चालवणाऱ्या दोन बहिणींवर. बहिणी पडद्यावर एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत आणि लोक हसत होते. का हसतात ते रफूदादाला कळेना. बायको म्हणाली, “एक जे ठेवते ते दुसरी उचलून दुसरीकडे ठेवते.” यात हसण्यासारखं काय, हे त्याला तरीही कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तो जरा उशिरा हसला.

मग पडद्यावर जिना दिसला, आणि त्याचाच आवाज हॉलभर घुमला. “रफू म्हणजे ठिगळ नव्हे!”

टाळ्या पडल्या. लॉन्ड्रीवाल्याने मांडीवर थाप मारली. रफूदादाने हिरव्या पाटीवर नजर रोवली आणि कडेने बघायला लागला. स्वतःचं दुकान, खुर्ची, खोकं. स्वतःची टोपी. चेहरा नीट दिसत नव्हता, पण तो आपलाच असणार. लोक मधूनच हसायचे, आणि प्रत्येक हसण्याला हा बायकोकडे झुकायचा.

“काय झालं? काय दाखवलं?” त्याने बायकोला विचारलं.

तीन माहितीपट कानात पोपटासारखी बोलणारी बाई आत्ताच गप्प झाली होती.

“अगं, सांग ना.”

“बघा तुम्ही,” ती म्हणाली.

बघा! ही हे आपल्याला म्हणाली? त्याने मान आणखी वळवली. पडद्यावर एका टेबलावर पांढऱ्या चादरीवर कोट पसरलेला होता, तपकिरी, आणि मग एकदम हात आले. नुसती बोटं, पडदाभर, दारातून आत शिरणार नाहीत एवढी मोठी. उजव्या हातात सुई. सुई उभ्या धाग्यांतून एक वर एक खाली अशी जात होती, कुठे अडत नव्हती, कुठे चाचपडत नव्हती. आणि वरून त्याचाच आवाज सांगत होता, “घाई केली की धागा रुसतो. त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं.”

कोणीतरी मागे हळूच “वा!” म्हणालं.

हे हात कोणाचे? आपले? आपण तर तीन वर्षांत एक धागा ओढलेला नाही. मुलीने जुनं चित्रण कुठून आणलं? पण तीन वर्षांपूर्वी ही पोर बाहेर शिकायला होती. मग दुसऱ्या कोणाचे हात भाड्याने आणले? या भागात दुसरा रफूवाला आहेच कुठे? क्षणभर त्याला असंही वाटून गेलं, की आपण खरंच रफू करतोय आणि डोळे गेल्याचंच स्वप्न पडलं असावं. असा विचार डोक्यात आला याचीच त्याला भीती वाटली.

आणि त्या कोटाचं काय? तपकिरी कोट त्याच्या चांगला लक्षात होता. महिन्यापूर्वीच आला होता, एका शिक्षकांचा, दुसऱ्या बटणाशेजारी सिगारेटने जळलेलं भोक. पुरुषाच्या कोटाला बटणं घालणाऱ्याच्या उजव्या अंगाला असतात आणि बायकांच्या कोटाला डाव्या. हे ज्याने आयुष्यात चार कोट हाताळलेत त्याला झोपेतही सांगता येईल. त्या कोटाची बटणं उजव्याच अंगाला होती, त्याने स्वतः चाचपली होती. पडद्यावर मात्र ती डाव्या अंगाला दिसत होती.

डोळ्यांचं आणखी काहीतरी बिघडलं, असं तो धरूनच चालला. तेवढ्यात लॉन्ड्रीवाला कानाशी आला. “दादा, हा कोट बाईमाणसाचा हो? काप तर पुरुषी दिसतोय. बटणं बघा की.”

म्हणजे हे त्यालाही दिसत होतं. डोळ्यांचा दोष नव्हता. मग कोटाचा होता? रफूदादाला काहीएक कळेना. “असेल,” तो म्हणाला, कारण दुसरं काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही.

पडद्यावर धागा पुरा ओढला गेला आणि मोकळ्या करंगळीने कापडावर दोनदा टकटक केलं. मग सुई पुढच्या धाग्याखाली गेली. पुन्हा धागा ओढला, पुन्हा करंगळी टकटक.

ही टकटक रफूदादाने चौतीस वर्षं ऐकली होती. चहा उकळायची वाट बघताना टेबलावर. पत्र वाचताना कागदावर. मुलगा पहिल्यांदा घर सोडून गेला, त्या दिवशी खिडकीच्या काचेवर. त्याला आवाज ऐकू येत नव्हता, कारण वरून तो स्वतःच बोलत होता. पण करंगळी त्याने ओळखली.

“अगं,” तो म्हणाला, “हे तू?”

“पुढे बघा.”

“पण तुझ्या तर डाव्या…” आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. डाव्या हाताचा उजवा झाला होता आणि बटणं डाव्या अंगाला गेली होती. आरशात होतं तसं झालं होतं. “कोणी उलटं केलं हे?”

“हळू बोला. मी सांगितलं तिला.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता, दूध संपलंय असं सांगावं तसा. “तुम्ही डोळे दाखवायला गेला होतात, तेव्हा आली होती घरी. मी टेबलाशी बसले होते, लपवणार काय? म्हटलं, घे बाई तुला हात हवेत तर. फक्त बोटंच घे, मनगट नको. आणि उलटं करून टाक, म्हणजे उजव्या हाताचे वाटतील. काकांचे वाटतील.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का?”

माहितीपट संपला, दिवे लागले, आणि टाळ्या थांबेनात. लोक माना उंचावून त्याच्याकडे बघत होते, लॉन्ड्रीवाला त्याची पाठ थोपटत होता. बिंग फुटलं नव्हतं. उलट, जन्मभरासाठी शिवून टाकल्यासारखं झालं होतं. सहा दिवस ज्याची धास्ती घेतली ते टळलं होतं आणि आता खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडत नव्हता. रफूदादाला राग आला होता, आणि कोणाचा ते त्याला ठरवता येईना. बायकोचा? तिने तर झाकून घेतलं होतं. त्या पोरीचा? तिने तर सांगितलं तेवढंच केलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि ज्या हातांना वाजवत होते ते हात शेजारी पर्सखाली सरकले होते.

वाचनालयाच्या बाई माइक घेऊन आल्या. आधी मुलीला पुढे बोलावलं, मग म्हणाल्या, “आणि ज्यांचे हात आपण आत्ता बघितले, त्यांना काही विचारायचं असेल तर विचारा.” मागून एका तरुणाने विचारलं, “काका, हे शिकायला किती वर्षं लागली?”

माइक हातात आला. रफूदादा उभा राहिला. त्याच्या तोंडून निघालं, “एक दुपार.”

लोक हसले.

“म्हणजे तीस वर्षं गप्प बसायचं,” तो म्हणाला, “आणि मग एक दुपार.”

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, दादा मिश्कील आहेत. त्याला स्वतःला काय वाटत होतं ते त्याला कळत नव्हतं. खाली बसावं, आभार मानावेत, घरी जावं. एवढं सोपं होतं. उद्या सकाळी दुकान उघडायचं, लोक येणार, पडद्यावर बघितलं म्हणून दुप्पट येणार, तोही सुई हातात धरून बसणार. आणि ती टेबलाशी बसणार, मरेपर्यंत.

“त्या कोटाची बटणं उलटी आहेत,” तो म्हणाला.

आता कोणी हसलं नाही. लॉन्ड्रीवाला मात्र जोरात म्हणाला, “मी मघाशीच म्हटलं!”

“ते चित्र सरळ कर,” रफूदादा मुलीला म्हणाला.

मुलगी गडबडली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या शेजारी बघितलं. रफूदादा या वेळी सरळ पडद्याकडे तोंड करून उभा होता. पडदा त्यामुळे पुसला गेला होता, पण कडेला, उजवीकडे, बायको त्याला लख्ख दिसत होती. ती मुलीला मानेने नको नको म्हणत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि असं पाणी त्याने मुलगा घर सोडून गेल्यानंतर पहिल्यांदा बघितलं. डावा हात तिने पर्सखाली घट्ट दाबून धरला होता.

त्याला मामा आठवला, पहिल्या वर्षातल्या त्या दुपारचा उन्हाचा तुकडा आठवला, सुई खाली ठेवल्याचा बारीक आवाज आठवला. लाज वाटली. इतकी लाज वाटली, की डोळे गेल्याची लाज तिच्यापुढे किरकोळ झाली.

“हे हात माझे नाहीत,” तो माइकमध्ये म्हणाला. “तीन वर्षं झाली, मला सुई दिसत नाही. तुमचं तोंडसुद्धा दिसत नाही, कान दिसतात. तुमचे सगळ्यांचे कपडे हिने केलेत.” त्याने हात उजवीकडे केला, आणि तो नेमका शेजारच्या खांबाकडे गेला. मग त्याने तो थोडा खाली आणला. “हिला मी लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, डाव्या हाताने रफू होत नाही. माझं चुकलं. होतं. माझ्याहून चांगलं होतं. आता ते चित्र सरळ कर, बाळा. आणि माझा आवाज बंद कर.”

हॉलमध्ये कोणाला काय करावं ते सुचेना. वाचनालयाच्या बाईंनी माइक घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. दोन जण खुसफुसले. कोणी तरी विचारलं, “म्हणजे नक्की काय म्हणतायत ते?” मुलगी लॅपटॉपवर वाकली. मग दिवे परत गेले.

पडद्यावर पुन्हा तोच तपकिरी कोट आला. बटणं आता पुरुषी बाजूला होती. हात आले, आणि सुई डाव्या हातात होती. या वेळी वरून कोणी काही सांगत नव्हतं. नुसती बोटं, धागा, आणि दोनदा टकटक करणारी करंगळी.

रफूदादा खाली बसला. पडदा दिसावा म्हणून त्याला बाजूला बघायचं होतं. हिरव्या पाटीकडे न बघता तो बायकोकडे वळला. तिचा चेहरा डागात गेला, नाक, डोळे, पाणी सगळं पुसलं. आणि डाव्या कडेला तिचे हात पडदाभर काम करताना दिसायला लागले. तो अख्खा वेळ तिच्याकडे तोंड करून बसला. सगळ्यांना वाटलं, तो बायकोकडे बघतोय.

“घरी चला, मग सांगते तुम्हाला,” ती कुजबुजली. “एवढं सगळं निस्तरून ठेवलं होतं मी, आणि तुम्ही भर सभेत!”

“हो,” तो म्हणाला.

“लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील ते मला कुठे दिसणार आहे?”

ती हसली की रडली ते त्याला कळलं नाही. दोन्हीचा आवाज तिचा सारखाच येतो.

दिवे लागल्यावर टाळ्या आधीसारख्या एकदम आल्या नाहीत. एकाने वाजवली, मग थांबून दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. मग लॉन्ड्रीवाला पुढे वाकला, आणि त्याच्यावरून पलीकडे बघत म्हणाला, “वहिनी, दोन वर्षांपूर्वी माझी पॅन्ट फाटली होती खिशाशी, तीही तुम्हीच?”

“मीच,” बायको म्हणाली.

“अरे देवा,” असं म्हणून तो लाजला आणि उठून चहा आणायला गेला.

पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळल्या. त्यांच्या हातात स्वेटर होता. बहुतेक कार्यक्रमानंतर रफूदादालाच देणार होत्या, कोपराशी कशाला तरी अडकून उसवलेला. रफूदादाने चाळीस वर्षांच्या सवयीने हात पुढे केला. स्वेटर त्याच्या हातावरून पलीकडे गेला.

त्याचा हात तसाच हवेत राहिला. तो मागे कसा घ्यायचा हे त्याला कळेना. मांडीवर ठेवावा, खिशात घालावा, की तसाच राहू द्यावा? बायकोने स्वेटर डाव्या हातात घेतला, कोपर उलगडलं, आणि दुसऱ्या हाताने त्याचं बोट धरून भोकावर नेऊन ठेवलं.

“सांगा,” ती म्हणाली.

त्याने बोट फिरवलं. कडेने एकदा, मधून एकदा.

“चार धागे गेलेत,” तो म्हणाला.

“पाच,” ती म्हणाली.